जुन्या वॅगनआरची साउंड सिस्टीम बदलायची आहे, वडिलांना गाण्यातले शब्द कळायला हवेत. सुरुवात कुठनं करू?

कळंबा_रोड

राम राम मंडळी. आमच्याकडं २००६ ची वॅगनआर आहे, पेट्रोल, १ लाख १२ हजार किलोमीटर झालेत, रीपासिंग करून घेतलंय, इंजिन अजून चोख आहे आणि विकायचा विषयच नाही कारण आण्णांनी म्हणजे वडिलांनी आयुष्यात घेतलेली ही एकच गाडी. आण्णा ७१ वर्षांचे, रिटायर्ड शिक्षक, आता स्वतः चालवत नाहीत, माझ्या शेजारी बसतात. दर रविवारी आम्ही दोघं गारगोटीला गावाकडं जातो, कळंबा, इस्पुर्ली, बिद्री, मुदाळतिट्टा असा रस्ता, जाऊन येऊन तीन तास तरी गाडीत जातात आणि त्या तीन तासांत आण्णांना गाणं लागतं. ख्याल, नाट्यसंगीत, कधी कीर्तन. पूर्वी कोल्हापुरात देवल क्लबला गाण्याची एकही बैठक चुकवायचे नाहीत, आता रात्रीचं जागरण झेपत नाही म्हणून गाडीतलं ऐकणं हेच त्यांचं ऐकणं राहिलंय.

गाडीत अजून जुना कॅसेट प्लेअरच आहे. दोन आठवड्यांपूर्वी त्यानं आण्णांनी स्वतः रेडिओवरून टेप केलेली एक कॅसेट गिळली. बिद्रीच्या पुढं गाडी कडेला घेतली, हळूहळू फीत बाहेर काढली, मग पेन घालून गुंडाळली, तरी चार बोटं फीत चुरगळलीच. आण्णा काही बोलले नाहीत पण पुढं गावापर्यंत परत काही लावा म्हणालेही नाहीत. तेव्हाच ठरवलं की आता हे काम करायचंच.

आत्ताची परिस्थिती अशी: पुढच्या दोन्ही दारांत जुने स्पीकर, उजव्याचा कोन म्हणजे पुढचा हलणारा पडदा कडेनं फाटलाय, भरभर वाजतो. मागं ट्रेवर सहा बाय नऊचे अंडाकृती स्पीकर आहेत, दहा-बारा वर्षांपूर्वी एका दुकानात बसवलेले, ट्रे सतत खडखडतो. साठच्या वर स्पीड गेला की गाण्यातला एक शब्द कळत नाही. मी आवाज वाढवला की आण्णा म्हणतात, "मोठं नको करू, शब्द कळू देत." माझं सगळं मागणं त्या एका वाक्यात आलं बघा.

एका दुकानात विचारलं तर ३८ हजारांचं पॅकेज सांगितलं, नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन, बारा इंची बेस ट्यूब, ॲम्प (आवाजाची ताकद वाढवणारा ॲम्प्लिफायर) आणि दारातले स्पीकर. म्हणाले बेस असा देतो की आरसा हलंल. मला आरसा हलवायचा नाही. माझं बजेट १५, फार तर १८ हजार. नुसते स्पीकर बदलले तर चालेल का, ॲम्प लागतोच का, एवढ्या जुन्या गाडीची बॅटरी आणि अल्टरनेटर पेलेल का, आणि घरात साठेक कॅसेट आहेत त्यांचं काय करायचं? ज्यांनी जुन्या गाडीत स्वतः काम केलंय त्यांनी सांगा प्लीज.

---

शाहूपुरी_वायरिंग

भावा, आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर, तुझी अडचण स्पीकरची कमी आणि गाडीच्या गोंगाटाची जास्त आहे. जुन्या हॅचबॅकच्या दारात नुसता पातळ पत्रा असतो, टायरचा, वाऱ्याचा आणि इंजिनचा आवाज सरळ आत. हा सगळा गोंगाट खालच्या पट्टीतला घोंघाट असतो आणि तो गाण्याला झाकून टाकतो. त्यावर अजून बेस ओतला तर शब्द आणखी बुडणार. त्या दुकानदाराचं पॅकेज तुझ्या कामाचं नाही.

मी १४ वर्षं गाड्यांचं वायरिंग केलंय, माझ्या मते पैसे ह्या क्रमानं घाल. पहिलं दार, दुसरे पुढचे स्पीकर, तिसरा प्लेअर, आणि ॲम्प सगळ्यात शेवटी, तोसुद्धा ऐकून कमी वाटलं तरच.

दाराचं का म्हणतो ते घरी करून बघ. एक सुटा स्पीकर हातात धरून वाजव, किरकिरा पत्र्यासारखा वाजंल, बेस शून्य. आता पुठ्ठ्याला त्याच मापाचं भोक पाडून स्पीकर त्यात बसव आणि तेच गाणं लाव, एकदम भरल्यासारखा वाजंल. स्पीकर तोच, ताकद तीच. कोन पुढं ढकलतो तेवढीच हवा मागं ओढतो, पुढची आणि मागची लाट एकमेकांना भेटली की खालचे सूर मरतात. तुझ्या दाराच्या आतल्या पत्र्याला जी मोठमोठी भोकं असतात त्यातनं नेमकं हेच होतंय. म्हणून ती भोकं बंद करायची आणि बाहेरच्या पत्र्याला आतनं ब्युटाइलची म्हणजे चिकट रबराची, ॲल्युमिनियम लावलेली शीट चिकटवायची. सगळा पत्रा झाकायची गरज नाही, मधला चौथा हिस्सा नीट रोलर मारून चिकटवला तरी पत्रा झणझणायचा थांबतो. दारावर बोटानं टकटक करून बघ, आधी डब्यासारखा टणटण वाजतो, शीट लागली की लाकडावर मारल्यासारखा ठक्क येतो. तो ठक्क आला की समज काम झालं.

स्वस्तातली डांबराची शीट मात्र घेऊ नको. एप्रिल-मे मध्ये बंद गाडी उन्हात उभी राहिली की आतलं तापमान साठीच्या पुढं जातंय, डांबर पाघळतं, वास मारतं आणि शीट खाली घसरते.

आणि आपल्याकडचा पाऊस ध्यानात ठेव. काचेवरनं पाणी दाराच्या आत उतरतंच, ते खालच्या बारीक भोकांतनं बाहेर पडतं. ती भोकं शीटनं बुजवलीस तर दोन पावसाळ्यांत दार खालनं सडलं म्हणून समज. पॅनेलमागचा प्लॅस्टिकचा कागदही फाडून टाकू नको, तसाच्या तसा परत चिकटव. कागदी कोनचा स्पीकर टाळ, पॉलिप्रॉपिलीनचा कोन घे.

मागचा ट्रे काढून टाक. हॅचबॅकच्या हलक्या ट्रेवर ते स्पीकर म्हणजे फळकुटावर ठेवलेले दगड, जोरात ब्रेक लागला तर दीड-दोन किलोचं लोखंड पुढं डोक्यावर येतंय. आणि मागनं गाणं ऐकायचं कशाला? गवई समोर बसलेला असतो.

---

निपाणी_हायवे

वरच्या दादांचं दाराबद्दलचं सगळं बरोबर, पण ॲम्प शेवटी हे मला पटत नाही. प्लेअरच्या डब्यावर ५० वॅट गुणिले ४ असं लिहिलेलं असतं ते सगळं पीक, म्हणजे क्षणभराचं. आतली आयसी म्हणजे ॲम्पची चिप १४.४ व्होल्टवर ४ ओमच्या स्पीकरला हिशोबानंच जास्तीत जास्त २६ वॅटपर्यंत जाऊ शकते, आणि न फाटता मिळतात १८ ते २२. मी माझ्या झेनमध्ये तीन वर्षं असंच प्लेअरवर चालवलं, हायवेला आवाज वाढवला की 'स' आणि 'श' चिरकायचे. चार चॅनेलचा छोटा ॲम्प लावल्यावर तोच स्पीकर तेवढ्याच आवाजात मोकळा वाजायला लागला. गोंगाटाच्या वर शब्द काढायचे तर ताकद शिल्लक पाहिजे, असं माझं मत.

---

शाहूपुरी_वायरिंग

@निपाणी_हायवे तुमचं म्हणणं रास्त आहे, पण ते १२० च्या स्पीडला हायवेवर ऐकणाऱ्याला लागू. हे गारगोटी रोडनं पन्नास-साठनं जाणार, शेजारी ७१ वर्षांचा माणूस, त्यांना मोठा आवाज नकोच आहे. आणि आणखी एक आकडा बघा, स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॅटला तो किती मोठा वाजतो. तीन डेसिबल जास्त म्हणजे दुप्पट वॅट लावल्यासारखं. ८८ डेसिबलचा स्पीकर सोडून ९२ चा घेतला तर प्लेअरच्या २० वॅटमध्ये जवळजवळ ५० वॅटचं काम होतं, तेही एक पैशाची वायर न ओढता. प्लेअरवर चालवायचं असेल तर डब्यावरचे मोठे वॅट बघू नका, सेन्सिटिव्हिटी बघा.

प्लेअरमध्ये हाय पास फिल्टर (ठरलेल्या हर्ट्झच्या खालचे सूर अडवणारा) असेल तर ८० किंवा १०० हर्ट्झला लावायचा. छोट्या कोनला खालचं ओझं उचलायला लागलं नाही की तो गळ्याचा आवाज स्वच्छ देतो. डग्गा थोडा हलका होईल पण शब्द वर येतील.

कळंबा_रोड, आण्णांच्या कानाचाही विचार कर. वय झालं की आधी वरचे सूर कमी ऐकू येतात आणि स, श, त, क ही व्यंजनं तिथंच असतात. स्वर ऐकू येतो पण शब्द लागत नाही तो ह्याच्यामुळं. म्हणून कोॲक्सिअल म्हणजे एकाच चौकटीत सगळं असलेला स्पीकर न घेता कंपोनंट सेट घे, खालचे-मधले सूर देणारा वूफर दारात आणि वरचे सूर देणारा ट्विटर वेगळा, आरशाच्या आतल्या तिकोन्यात कानाच्या उंचीला. गुडघ्याजवळ वाजलेला ट्विटर पँटीला ऐकू जातो, माणसाला नाही.

बॅटरीचं टेन्शन घेऊ नको. नुसता प्लेअर आणि दोन स्पीकर, मूळ गाडीला कळणारसुद्धा नाही. पुढं चार चॅनेलचा, दर चॅनेलला सलग ५० वॅट (आरएमएस) देणारा, कमी करंट खाणारा क्लास डी ॲम्प लावलास तरी फुल्ल दाबल्यावर १७-१८ अँपिअर ओढेल, आणि गाणं काही सतत फुल्ल नसतं. इंजिन बंद ठेवून तासभर वाजवत बसायचं नाही एवढंच पाळ.

---

कळंबा_रोड

लय लय आभार दोघांचे. काल उजव्या दाराचं पॅनेल उघडलं. आत बघितलं तर आधीच्या कुणीतरी पत्रा वाकडातिकडा कापून भोक मोठं केलंय आणि स्पीकर तीनच स्क्रूवर लटकतोय, चौथ्या जागी पत्राच नाही. भोक गोल नाही, अंड्यासारखं झालंय. प्लायवूडची रिंग लावू का? मागची खोली काच खाली घेऊन मोजली, ५८ मिलिमीटर मिळते. आणि प्लेअरच्या जागेची उंची ५० मिमी आहे.

---

उद्यमनगर_लेथ

मुळात हा विषय माझ्या धंद्याचा नाही पण रिंगचं वाचलं आणि राहवलं नाही. भावा तू कोल्हापुरात राहतोस आणि प्लायवूड कशाला लावतोस? शिवाजी उद्यमनगरात ये, ॲल्युमिनियमची रिंग टर्न करून घे. अख्ख्या देशाला कास्टिंग देणारं गाव आपलं, दोन रिंगा काय अवघड आहेत.

एमडीएफ तर अजिबात नको, दाराच्या आत पावसाचं पाणी येतं, एमडीएफ ते पितं आणि फुगून बिस्किटासारखं सुटतं. मरीन प्लाय चालेल पण कडा वॉर्निशनं बंद कराव्या लागतात. ॲल्युमिनियमला पाण्याचं भय नाही, आणि जड असल्यामुळं स्पीकर जागचा हलत नाही. मी माझ्या इंडिकाला १२ मिमी जाडीची करून लावली आहे, सहा वर्षं झाली, गेल्या महिन्यात पॅनेल उघडलं तेव्हा टूलच्या रेघासुद्धा जशाच्या तशा होत्या.

माप आणताना नुसतं "साडेसहा इंची" म्हणून येऊ नकोस, स्पीकरच घेऊन ये. कंपनीगणिक कटआउट आणि स्क्रूचं अंतर वेगळं असतं. तुझी खोली ५८, रिंग १२ मिमी लावलीस तर स्पीकर तेवढा पुढं येतो, म्हणजे ७० मिळाले, पण मग पॅनेलची जाळी कोनला घासत नाही ना ते बघ. कोन हलताना पुढं येतो, जाळी आणि स्पीकरमध्ये बोटभर जागा ठेव. भोक अंड्यासारखं झालंय म्हणतोस तर पुठ्ठ्यावर त्याचा ठसा काढून आण, बाहेरची कडा त्याहून मोठी ठेवू, म्हणजे चारी बाजूंनी चांगल्या पत्र्यावर बसेल. पत्र्यात आणि रिंगमध्ये पातळ फोमची पट्टी घाल. कापलेल्या पत्र्याच्या कडेला आधी रेड ऑक्साइड मार, नाहीतर गंज तिथनंच सुरू होतो.

---

टेप_जपणारी

कॅसेटचं कुणी बोललंच नाही म्हणून लिहिते. माझ्याकडे बाबांच्या दोनशेच्या वर कॅसेट होत्या, दोन वर्षं लावून सगळ्या संगणकावर घेतल्या. तुमच्या साठ आहेत, सहज होतील, फक्त घाई करू नका.

पहिलं म्हणजे त्या गाडीतल्या प्लेअरमध्ये आता एकही कॅसेट घालू नका. कॅसेट गिळण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं की फीत दाबून पुढं सरकवणारा रबरी पिंच रोलर कडक आणि गुळगुळीत झालेला असतो आणि फीत ओढून घेणाऱ्या बाजूचा बेल्ट ढिला पडलेला असतो. एक बाजू फीत पुढं ढकलत राहते आणि दुसरी गोळा करत नाही, मग ती रोलरभोवती गुंडाळते. उन्हात तापणाऱ्या गाडीत तर हे लवकर होतं.

घरातला चांगला डेक मिळवा, लाइन आउटमधून यूएसबी इंटरफेसमध्ये आणि तिथून कॉम्प्युटरमध्ये. हेड, कॅप्स्टन (रोलरला लागून फिरणारी बारीक दांडी) आणि रोलर आधी इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. माझा पहिला बड पूर्ण तपकिरी निघाला होता, चहात बुडवल्यासारखा. तो रंग म्हणजे फितीवरून झडलेलं ऑक्साइड. बड पांढरा निघेपर्यंत पुसत राहायचं, मगच रेकॉर्डिंगला लागायचं. कॅसेट खूप वर्षं पडून असेल तर आधी एकदा शेवटपर्यंत पुढं आणि परत मागं फिरवून घ्या, चिकटलेले पदर सुटतात.

४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटला वेव्ह फाइल करा, ती मूळ प्रत म्हणून हार्ड डिस्कवर ठेवा आणि गाडीसाठी ३२० ची एमपी३ करा. खरखर काढणारी सॉफ्टवेअर असतात, ती जपून वापरा. खरखर काढता काढता तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा झंकारही निघून जातो, आणि ती गेली की अख्खं गाणं कोरडं होतं. मी सुरुवातीच्या पंधरा कॅसेट अशाच बिघडवल्या आणि परत केल्या.

आण्णा अल्लादिया खाँसाहेबांच्या घराण्याचं ऐकत असतील तर त्यांच्याकडं केसरबाई केरकरांचं जुनं ध्वनिमुद्रण नक्की असेल. खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात इथंच होते आणि केसरबाई त्यांच्या शिष्या, त्यामुळं कोल्हापुरातल्या जुन्या ऐकणाऱ्यांच्या घरी ते असतंच. त्या ७८ आरपीएमच्या तबकड्या, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, त्यात डोंगराएवढा आवाज बसवलेला. त्या रेकॉर्डिंगमध्ये अगदी खाली आणि अगदी वर फारसं काही नसतंच, जे आहे ते सगळं मधल्या पट्टीत. त्याला सबवूफर लावून काही मिळत नाही आणि ट्विटर फार तीक्ष्ण असेल तर नुसती खरखर कानात घुसते. म्हणून स्पीकर घ्यायला जाताना आण्णांना बरोबर न्या आणि त्यांचंच एखादं जुनं गाणं पेन ड्राइव्हमध्ये घेऊन जा. दुकानवाले स्वतःचं झगझगीत गाणं लावतात, त्यावर निवड करू नका. मऊ कापडी म्हणजे सिल्क डोमचा ट्विटर मागा, जुन्या गाण्याला तो सोसतो.

पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा. बरेच प्लेअर फाइल नावाच्या क्रमानं लावत नाहीत, कॉपी केल्या त्या क्रमानं लावतात, त्यामुळं एकेक फोल्डर क्रमानं कॉपी करा, नाहीतर विलंबितच्या आधी द्रुत वाजेल.

---

सांगली_फाटा

एक गोष्ट सांगतो, पुढं कधी ॲम्प लावलास तर सीटखाली लावू नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी आलं तेव्हा माझी गाडी शिरोलीत घराच्या अंगणात उभी होती, पाणी फक्त फूटरेस्टच्या वर आलं, इंजिनला काही झालं नाही, पण ड्रायव्हर सीटखालचा ॲम्प दोन दिवस गाळात बसला. उघडला तर बोर्डावर पिवळा चिखल आणि सगळे पाय हिरवे. हायवे बंद, दुकानं बंद, तसाच पडून राहिला आणि संपला. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा नवा ॲम्प मागच्या सीटच्या पाठीला उंचावर लावलेला होता, तो वाचला.

आणि वायर घेताना चाकूनं एक तार खरवडून बघ. वरनं तांब्याचा रंग आणि आतनं पांढरी निघाली तर ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली आहे, आपल्या दमट हवेत ती लवकर खराब होते. पूर्ण तांब्याची घे. बॅटरीच्या प्लसपासून दीड फुटाच्या आत फ्यूज पाहिजेच, ॲम्पजवळ नव्हे, बॅटरीजवळ. मध्ये कुठं वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर तो फ्यूजच गाडी वाचवतो.

---

कळंबा_रोड

मंडळी, पाच आठवड्यांनी लिहितोय, काम झालं.

आण्णांना घेऊन दुकानात गेलो. त्यांच्या पेन ड्राइव्हमध्ये (टेप_जपणारी ताई, तुमच्या पद्धतीनं पहिल्या आठ कॅसेट केल्या) एक जुना भैरवीचा तुकडा होता, तो चार सेटवर लावला. तीन सेटवर आण्णा नुसते उभे राहिले, चौथ्यावर मान डोलली आणि मांडीवर ताल सुरू झाला. चौथा दुकानातला सगळ्यात महाग नव्हता, किमतीत दुसरा होता. ९१ डेसिबल, सिल्क डोम, पॉलिप्रॉपिलीन कोन. तोच घेतला.

खर्च असा झाला: कंपोनंट सेट ५,८००, यूएसबी-ब्लूटूथवाला सिंगल डिन (५० मिमी उंचीच्या जागेत बसणारा) प्लेअर ४,९००, ब्युटाइल शीट पुढच्या दोन दारांना २,४००, उद्यमनगरातल्या दोन रिंगा ७००, वायर, फोम, कनेक्टर मिळून ६००, फिटिंग १,५००. एकूण १५,९००. ॲम्प घेतला नाही. अजून तरी कमी वाटत नाही, वाटलं तर निपाणी_हायवे दादांचं ऐकणार आहे.

रिंगचं काम तर बघत राहावं असं झालं. कारखान्यातल्या काकांनी माझा पुठ्ठ्याचा ठसा बघितला, काही न बोलता खडूनं दोन मापं जमिनीवर लिहिली आणि पाऊण तासात दोन्ही रिंगा कोमट असतानाच हातात दिल्या. चारी स्क्रू बसले.

दार लावतानाचा आवाजसुद्धा बदललाय. आधी खणकन वाजायचं, आता धप्प बसतं. मागचा ट्रे काढला, पहिले दोन दिवस गाडी इतकी शांत वाटली की काहीतरी राहिलंय असं वाटत होतं.

प्लेअरमध्ये ऐकणारा कुठं बसलाय ते सांगायची सेटिंग आहे, तिथं पुढची डावी सीट निवडली. डावा ट्विटर आण्णांच्या जवळ आणि उजवा साधारण ६० सेंटिमीटर लांब, त्यामुळं डाव्याचा आवाज दीड-पावणेदोन मिलिसेकंद थांबवून सोडतो म्हणे. मला ड्रायव्हर सीटवर गाणं थोडं डावीकडं ऐकू येतं, चालतंय की. ८० ला फिल्टर, बेस शून्यावर, ट्रेबल एक पायरी वर. रविवारी इस्पुर्लीच्या पुढं आण्णांनी एका बंदिशीतला शब्द ऐकला आणि म्हणाले, "मी आजवर हे दुसरंच समजत होतो." मग तिट्ट्यापर्यंत तेवढी एक ओळ सहा वेळा मागं घेऊन ऐकली.

एकच दुखणं राहिलंय. गाडीला रेस दिली की स्पीकरमधनं कुईंऽऽ असा बारीक आवाज येतो, रेसबरोबर चढतो आणि उतरतो. गाणं चालू असताना जाणवत नाही पण दोन गाण्यांच्या मध्ये येतो.

---

शाहूपुरी_वायरिंग

तो अल्टरनेटरचा आवाज. आधी फोनचा चार्जर लायटरमधनं काढून बघ. तरी आला तर प्लेअरची अर्थिंग. फिटरनं नव्या प्लेअरची काळी वायर जुन्या हार्नेसच्या काळ्या वायरला जोडली असणार, २००६ ची ती वायर आतनं काळवंडलेली असते. ती तोडून वेगळी जाड काळी वायर घे, एक फुटाच्या आत डॅशमागच्या लोखंडी पट्टीला बोल्टनं आवळ. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरनं चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घास, रंगावर आवळलेली अर्थिंग ही अर्थिंग नव्हे. बॅटरीची मायनस क्लिप काढून मगच काम कर. आणि हात आत घातलाच आहेस तर एकदा फेज, म्हणजे दोन्ही वूफर एकाच दिशेनं हलतात का ते, तपासून घे, प्लेअरचं कनेक्टर सुटं करून पेन्सिल सेलचं प्लस वूफरच्या प्लसला आणि मायनस मायनसला क्षणभर टेकव, दोन्ही वूफर बाहेर यायला पाहिजेत. एक आत गेला तर उलटा जोडलाय.

---

कळंबा_रोड

चार्जर काढला, फरक नाही. अर्थिंग बदलली, आवाज पूर्ण गेला. जुनी वायर कापली तर आत खरंच काळी पडलेली. आणि दादा, डावा वूफर उलटा जोडलेला निघाला! सरळ केल्यावर डग्गा आत्ता कुठं ऐकू यायला लागला.

आता ४१ कॅसेट राहिल्यात. @टेप_जपणारी ताई, आण्णांनी स्वतः टेप केलेल्या कॅसेट डेकवर बोदट वाजतात, दुकानातनं घेतलेल्या मात्र छान वाजतात. डेक बिघडलाय का?

---

टेप_जपणारी

डेक ठीक आहे. आण्णांच्या जुन्या टेपरेकॉर्डरचं हेड किंचित तिरकं असणार, त्यानं टेप केलेलं दुसऱ्या डेकवर बोदटच वाजतं. हेडच्या बाजूला स्प्रिंगवाला एक छोटा स्क्रू असतो, कॅसेट चालू ठेवून तो अगदी थोडा-थोडा हलवा आणि मोनो (डावं-उजवं एकत्र) करून ऐका, एका जागी आवाज एकदम उघडेल, तिथं थांबा. स्क्रूड्रायव्हर चुंबक नसलेला घ्या. मूळ जागेवर पेनानं खूण करून ठेवा म्हणजे दुकानातल्या कॅसेट लावायच्या वेळी परत आणता येईल, आणि आण्णांच्या सगळ्या कॅसेट एका सलग बैठकीत उरकून घ्या.